लाओस, व्हाया कुर्डुवाडी

लाओस हा देश समजायला इतरांना वेळ लागत असेल, कुर्डुवाडीच्या माणसाला तो मेकाँग नदीच्या पहिल्याच धक्क्यावर समजतो. बोट सकाळी सुटेल, असं तिकीटवाला सांगतो. सकाळ किती वाजेपर्यंत चालते हे तो सांगत नाही, आणि आपणही विचारू नये. हुआय साय नावाच्या त्या थायलंडच्या हद्दीवरच्या गावात आमच्याबरोबर युरोपातली बरीच तरुण मंडळी होती. सगळी मुद्दाम सावकाश प्रवास करायला आलेली. पण पहिला तास सरला तशी त्यांतली एकेक जण पाळीपाळीनं उठून नावाड्याला 'कधी निघायचं' असं विचारून यायला लागली. नावाडी प्रत्येकाकडे बघून तितकंच प्रसन्न हसत होता. आमच्या हिनं तोवर कडेची जागा बघून चादर अंथरली होती, पिशवी उशाला घेतली होती आणि भाजलेल्या शेंगा सोलायला सुरुवात केली होती. शेजारी एक लाओ बाई पोत्यावर बसली होती. हिनं मूठभर शेंगा तिच्यापुढे धरल्या, तिनं केळी काढली. दोघींची भाषा वेगळी, पण तक्रार कुणाचीच नव्हती.

"जंक्शनवर वाढलेल्या माणसाला वाट बघायला शिकवावं लागत नाही," मी म्हणालो.

"बोलू नका, झोपा जरा," ही म्हणाली.

हे लाओस मुलीच्या डोक्यातून निघालं. ती पुण्याला असते. मी निवृत्त झाल्यापासून तिला माझी काळजी वाटते. "बाबा, आता तरी जरा निवांत फिरा की. सगळ्यांसारखं सात दिवसांत नऊ देश असलं काही करू नका." मी आयुष्यभर कुर्डुवाडीत निवांतच होतो हे तिला पटत नाही. तिनं कार्यक्रमाचा कागदच पाठवला. त्यात 'सकाळी 7 ते 9 : काहीही न करणे' आणि 'सायंकाळी 5 ते 6 : नदीकाठी निरुद्देश भटकणे' अशा ओळी होत्या. काहीही न करण्याला वेळ नेमून दिलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. नऊ वाजता ते संपवून पुढच्या कामाला लागायचं होतं. हिनं कागद वाचला आणि विचारलं, "सव्वानऊपर्यंत काही केलं नाही तर दंड आहे का?"

गावात बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरली. स्टेशनरोडवरच्या चहावाल्यानं विचारलं, "काय मालक, कुठं निघालाव म्हणं?" मी म्हटलं, लाओस. "तिथं काय हाय?" मी जरा विचार केला. समुद्र नाही, पाचही बाजूंना चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार. लोकसंख्या पाऊण कोटीच्या आसपास, म्हणजे अख्ख्या देशात आपल्या मुंबईपेक्षा माणसं कमी. मग मी म्हटलं, "तिथं फारसं काही नाही. शांतता आहे." तो ग्लास विसळत म्हणाला, "मग हितं काय कमी हाय व्हय?"

प्रश्न बरोबर होता, आणि तो घेऊनच मी विमानात बसलो.

आता थोडं कुर्डुवाडीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण वंदे भारतच्या काचेतून बघणाऱ्याला ते दिसत नाही. 1860 साली मुंबईहून निघालेला मोठा लोहमार्ग सोलापूरला पोचला, तेव्हा तो बार्शीला न जाताच पुढे गेला. बार्शी म्हणजे कापसाची, धान्याची मोठी पेठ. 'बार्शी तिथे सरशी' अशी म्हण असलेलं गाव. त्याला रेल्वेनं 20-22 मैलांवरूनच रामराम केला. जिथून बैलगाडीनं बार्शीकडे जायचं त्या स्टेशनाला 'बार्शी रोड' नाव दिलं आणि विषय मिटवला. ते बार्शी रोड म्हणजेच आमचं कुर्डुवाडी. पुढची तीस-पस्तीस वर्षं कापूस आणि माणसं बैलगाडीनं हिंदकळत स्टेशनावर येत राहिली.

मग एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंग्रज आला. हा गृहस्थ ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत इंजिनांचा निरीक्षक होता. त्याच्या डोक्यात एकच वेड: रूळ लहान टाकले, तर गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. रूळ यार्डाला 30 पौंड वजनाचे, म्हणजे मोठ्या लाइनच्या मानानं काडीच. आणि इंजिन असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. त्यामुळे पूल हलके, भराव कमी, वळण हवं तितकं घ्या. शेत आडवं आलं तर शेताला वळसा, टेकडी आडवी आली तर टेकडीला. 1895 साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि 1897 च्या मार्चमध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला गाडी धावली. 'धावली' हा लिहिण्यातला रिवाज आहे. बार्शी लाइटबद्दल लिहिताना 'निघाली' एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

पुढे 1906 मध्ये ती पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला, आणि 1927 मध्ये सांगोला, जत रोड, कवठे महांकाळ करत मिरजेला टेकली. एकूण 202 मैल. काल्थ्रॉप त्याच 1927 साली वारला. या माणसाचा मला फार आदर वाटतो, आणि तो केवळ रेल्वेमुळे नाही. रेल्वे झाल्यावर त्यानं काय करावं? त्यानं पॅराशूट शोधून काढलं. 'गार्डियन एंजल' नावाचं, विमानातून उडी मारणाऱ्या वैमानिकांसाठी. शिवाय त्याला अरबी घोडे पाळायचा नाद होता आणि घोड्याशी मित्र म्हणून वागावं, असं सांगणारं पुस्तकही त्यानं लिहिलं. घोड्याला दामटायचं नाही, गाडीला पळवायचं नाही, आणि आभाळातून पडतानासुद्धा सावकाश पडायचं. आयुष्याचं धोरण असं सरळ आखलेली माणसं थोडी.

बार्शी लाइटचे विनोद सांगायला बसलो तर जागा पुरणार नाही. पुढच्या डब्यातून उतरायचं, रुळालगतच्या शेतातले हरभऱ्याचे डहाळे उपटायचे आणि मागच्या डब्यात चढायचं, हा तर सर्वांचा पेटंट. दुसरी गोष्ट म्हातारीची. डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या म्हातारीला गार्डानं विचारलं, "आजी, बसता का?" ती म्हणाली, "नगं बाबा, आज जरा घाई हाय." हा विनोद जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल सांगतात, हे मला फार पुढे कळलं. पण आमची म्हातारी उपळाईची होती आणि तिचा भाचा आपल्या ओळखीचा आहे, असं माझी आजी शपथेवर सांगायची. इतका पुरावा बाकीच्या देशांकडे नसणार.

गाडीपेक्षा मोठी गोष्ट होती ती गाडीची वाट बघण्याची. मुंबईकडून, हैदराबादकडून मोठ्या गाड्या यायच्या, पंढरपूरची माणसं इथं उतरवून निघून जायच्या. छोटी गाडी कधी? येईल. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना कुर्डुवाडी माहीत आहे ते याच कारणानं: आजोबा एकदा तिथं रात्रभर बसले होते. आषाढीच्या दिवसांत फलाटावर पाय ठेवायला जागा नसे. कुणी पथारी टाकलेली, कुणी तंबाखू मळत कुणाच्या तरी पोरीच्या लग्नाचं जमवतंय, एका कोपऱ्यात टाळ सुरू झालेले. दिंडी जशी फलाटावरच मुक्कामाला आलेली. विठ्ठल अठ्ठावीस युगं उभा आहे, त्याच्या भक्तांनी पाच तास बसायला काय हरकत आहे, असा सगळ्यांचा एकूण भाव. आम्हा पोरांना वाटायचं, माणसं इथं बसायलाच येतात. पंढरपूर हे निमित्त.

म्हणून मेकाँगवर मला काही नवं शिकायचं नव्हतं. बोट निघाली एकदाची. ती लांबट, अरुंद लाकडी बोट होती आणि आतल्या खुर्च्या जुन्या मोटारींतल्या काढून आणून मांडलेल्या. ठोकलेल्या नाहीत, नुसत्या मांडलेल्या. त्यामुळे ज्याला नदी बघायची तो खुर्ची काठाकडे सरकवी, ज्याला गप्पा मारायच्या तो आतल्या बाजूला फिरवी. माझ्या खुर्चीला पट्टा शाबूत होता. हिनं मला तो लावायला लावला. मागच्या भागात नावाड्याचं बिऱ्हाड. दोरीवर लंगोट आणि शर्ट वाळत घातलेले, शेगडीवर पातेलं, आणि रांगणारं एक पोर कमरेला फडकं बांधून खांबाला अडकवलेलं, म्हणजे ते पाण्यात जायला नको. ते पोर दोरी पुरेल तितकं सगळीकडे फिरत होतं आणि बोटीवरच्या सर्वांपेक्षा आनंदात होतं.

दुपारी बोट एकदम काठाकडे वळली. काठावर गाव नाही, धक्का नाही, पाटी नाही. वाळूचा उतार आणि वर झाडी. वाळूत एक माणूस हात वर करून उभा होता, इतकंच. बोटीतून एक जोडपं उतरलं. त्यांच्याबरोबर टोपलीतल्या दोन कोंबड्या, तांदळाचं पोतं आणि छपराचे पत्रे. पत्रे लांब आणि फळी अरुंद, त्यामुळे एकेक पत्रा दोघांनी धरून तिरका करून न्यावा लागत होता. नावाडी इंजिन बंद करून स्वतः मदतीला गेला. मग दोन प्रवासी उठले, मग एक उंच जर्मन पोरगा उठला, आणि शेवटच्या पत्र्याला तर मीही हात लावला. कुणी घड्याळ बघितलं नाही. सगळं उतरल्यावर ती बाई वाळूतून पुन्हा परत आली, कारण कोंबड्यांची टोपली बोटीतच राहिली होती.

"हात दाखवा, एसटी थांबवा," ही म्हणाली.

जेवणाची मात्र हिला धास्ती होती. लाओसात भात चिकट, बांबूच्या टोपलीत वाफवलेला. तो हातानं काढायचा, बोटांनी गोळा वळायचा आणि कशाशी तरी खायचा. तो 'कशाशी तरी' बहुतेक वेळा माशाचाच कुठला तरी प्रकार निघतो. आंबवलेल्या माशाचा वास बोटीच्या मागच्या भागातून पुढे आला तसं हिनं पिशवीतून सोलापुरी शेंगाचटणीचा डबा आणि कडक भाकरी काढली. नावाड्याची बायको उत्सुकतेनं जवळ आली. तिनं भाताचा गोळा चटणीत बुडवला, तोंडात टाकला, थोडा वेळ स्तब्ध राहिली आणि मग नवऱ्याला हाक मारली. नवरा सुकाणू कुणाकडे तरी देऊन आला. त्या क्षणी बोट कोण चालवत होतं ते मी बघायचं टाळलं. कडक भाकरी मात्र तिला उमगली नाही. तिनं ती हातात घेऊन वाजवून बघितली आणि अदबीनं परत दिली.

रात्री बोट पाकबेंग नावाच्या गावी मुक्काम करते, दुसऱ्या दिवशी लुआंग प्राबांग. हे शहर 1995 सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. जुनी देवळं, फ्रेंचांनी बांधलेली घरं, दोन नद्यांचा संगम. पहाटे भगवी वस्त्रं नेसलेल्या भिक्षूंची रांग निघते आणि बायका गुडघे टेकून प्रत्येकाच्या पात्रात चिमूट चिमूट भात घालतात. तिथं जितकं शांत रहावं तितके पर्यटकांचे मोबाइल पुढे पुढे होतात. मी याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण ज्याचा त्याचा फोटो इंटरनेटवर आहेच.

फ्रेंचांवरून आठवलं. त्यांच्या अमदानीतलं एक बोलणं तिकडे अजून सांगतात: व्हिएतनामी माणूस भात लावतो, कंबोडियाचा तो वाढताना बघतो, आणि लाओचा तो वाढल्याचा आवाज ऐकत बसतो. परदेशी पाहुण्यांना हे फार आवडतं. मला यात कौतुकापेक्षा साहेबी नाक वर केलेलं दिसतं. कारण फ्रेंच इथं 1893 ते 1953, म्हणजे साठ वर्षं होते आणि साठ वर्षांत त्यांनी या देशात रेल्वे टाकली ती सात किलोमीटर. ज्याची स्वतःची प्रगती नऊ वर्षांना एक किलोमीटर, त्यानं दुसऱ्याला आळशी म्हणू नये.

ते सात किलोमीटर बघायला मात्र मी हट्टानं गेलो. दक्षिणेला कंबोडियाच्या हद्दीजवळ मेकाँगचे असंख्य फाटे फुटतात, मध्ये बेटं तयार होतात आणि खोनचा धबधबा आडवा येतो. बोटीला पुढे वाट नाही. म्हणून फ्रेंचांनी डॉन खोन बेटावर छोटे रूळ टाकले आणि सुटी केलेली जहाजं त्यावरून ओढत वरच्या पाण्यात नेली. ही गोष्ट 1893 च्या सुमाराची. म्हणजे आमची बार्शी लाइट आणि त्यांची ही बेटावरची गाडी एकाच पिढीतल्या. पुढे त्यांनी रूळ रुंद केले, पूल बांधून शेजारच्या डॉन डेट बेटापर्यंत नेले, आणि 1940 च्या दशकात सगळं बंद पडलं. आता जुनं गंजकं इंजिन छपराखाली मांडून ठेवलंय. रुळांच्या जागी पायवाट आहे आणि तिच्यावरून भाड्याच्या सायकली फिरतात. मीही घेतली. सायकलची घंटी चालत नव्हती, पण समोरून कुणी येतही नव्हतं. एका वळणावर मला उगाचच वाटलं, आता डाव्या हाताला मोडनिंब येईल.

इंग्लंडातही हेच झालं. काल्थ्रॉपनं बार्शीचा अनुभव घेऊन तिकडे मॅनिफोल्ड खोऱ्यात तशीच अडीच फुटी गाडी सुरू केली, 1904 साली. ती तीस वर्षांत, 1934 मध्ये बंद झाली आणि तिच्या वाटेवर आज लोक हवा खायला चालतात. आमची मात्र एकविसाव्या शतकात शिरली. 1954 मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली आणि नव्या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळीकडे मोठे रूळ आले. साहेबाच्या घरची गाडी तीस वर्षं चालली, त्याच्या हातची आमच्याकडची शंभरी ओलांडून गेली. गाडी सावकाश जाते याचा एवढा तरी फायदा.

त्या बेटांच्या वरच्या अंगाला चंपासाक भागात वाट फू नावाचं प्राचीन देऊळ आहे. ख्मेर राजांच्या काळातलं, मुळात शंकराचं. मागच्या कड्यातून झरा येतो आणि एके काळी तो पन्हळीतून थेट पिंडीवर पडत असे. आता गाभाऱ्यात बुद्ध बसलेत. ही चप्पल काढून तिथं बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अभिषेक आपोआप. गुरुजींची वाट बघायला नको." पायऱ्या उतरताना तिनं मेकाँगकडे बघून हात जोडले. आम्ही चंद्रभागेकडची माणसं. नदी दिसली की हात आपोआप जोडले जातात.

इथपर्यंत सगळं गोड आहे, आणि इथंच थांबलं असतं तर मुलीलाही आवडलं असतं. पण लाओसच्या शांततेला एक दुसरी बाजू आहे आणि ती फोटोत येत नाही. 1964 ते 1973 या काळात अमेरिकेनं या देशावर 20 लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. माणशी हिशेब केला तर जगात दुसऱ्या कुठल्याही देशावर इतके पडलेले नाहीत. त्यांतले कितीतरी फुटलेच नाहीत. अजून शेतात सापडतात, अजून माणसं दगावतात. उत्तरेकडच्या एका भागात आम्हाला वाटाड्यानं सांगितलं, खुणा केलेल्या वाटेच्या बाहेर पाय टाकायचा नाही. त्या मुलखातल्या शेतकऱ्याला नांगर हळूच चालवावा लागतो. त्याच्या सावकाश चालण्याचं कौतुक करायला मला लाज वाटली.

दुसरी गोष्ट गाडीची. 3 डिसेंबर 2021 रोजी लाओसात चीनच्या मदतीनं आणि चीनच्याच कर्जावर चारशेवर किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. राजधानी व्हिएन्तियानहून लुआंग प्राबांगला घाटातून मोटारीनं अख्खा दिवस जायचा, तिथं आता दोन तासांच्या आत पोचता येतं. आमच्या बोटीवरची युरोपियन मंडळी हळहळत होती, की आता जुना लाओस संपला. आमचा वाटाड्या मात्र खूष होता. त्याची आई गावाकडे असते. पूर्वी तो वर्षातून एकदा जायचा, आता महिन्याला जातो. त्याला मी विचारलं, तू कधी बोटीनं गेलास का? तो म्हणाला, "गेलो होतो, तुमच्यासारख्या पाहुण्यांना घेऊन."

मला तेव्हा मिरज आठवली. आमच्याकडे आजार बळावला की माणूस मिरजेला नेत. तिथल्या मिशनच्या दवाखान्याचं नाव मोठं. आजीचा धाकटा भाऊ असाच बार्शी लाइटनं मिरजेला नेला होता, बाकावर गोधडी टाकून, डोकं आजीच्या मांडीवर. म्हातारीचा विनोद आजी रंगवून सांगायची, पण ही गोष्ट सांगताना तिचा आवाज सपाट व्हायचा. त्या प्रवासात गाडी किती स्टेशनांवर थांबली ते तिला नावानिशी पाठ होतं. हरभऱ्याचे डहाळे खायला त्या दिवशी कुणी खाली उतरलं नव्हतं. आजीचे ते भाऊ वाचले, चांगले ऐंशीच्या घरात जाऊन गेले; पण बार्शी लाइट बंद झाली तेव्हा गावात हळहळणाऱ्यांत आजी नव्हती.

आणि 2016 चा एप्रिल तर आपण सगळ्यांनीच बघितला. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत 12 तारखेला पहाटे लातूरला पोचली. पहिल्या फेरीला 10 वाघिणी, प्रत्येकीत 50 हजार लिटर. पुढे त्याच वाटेनं एकेका फेरीत 25 लाख लिटर जाऊ लागलं. मिरज ते लातूर हा थोड्याफार फरकानं काल्थ्रॉपचाच रस्ता. पण त्याचे 30 पौंडी रूळ आणि पाच टनी आस त्या पाण्याला पुरे पडले नसते. फलाटावर उभं राहून ती गाडी बघणाऱ्यांत मीही होतो. ती जरा जोरात जावी असंच सगळ्यांना वाटत होतं.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं आहे. सावकाश प्रवास चांगला, पण तो ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे आणि ज्याची पलीकडे कुणी डोळे लावून वाट बघत नाही, त्याचा. बाकीच्यांना गाडी वेळेवर हवी. कुर्डुवाडीच्या माणसानं बसून राहण्याची कला कमावली ती हौसेनं नाही. गाडीच नव्हती म्हणून. मात्र एकदा कमावली ती कमावली. ती निवृत्तीनंतर फार उपयोगी पडते, हे मुलीला लाओसहून आल्यावर सांगितलं. तिनं विचारलं, "बाबा, मग रिलॅक्स झालात ना?" मी म्हटलं, हो. खरं म्हणजे रिलॅक्स नावाडी होता. मला सगळा वेळ सुकाणू कोण धरतंय याची काळजी होती.

चहावाल्याला मात्र नीट उत्तर द्यावं लागलं. त्यानं चटणीची गोष्ट दोनदा ऐकली, पत्र्यांची एकदा, आणि शेवटी त्याचा मूळ प्रश्न पुन्हा आला: हितं काय कमी हाय? मी म्हटलं, इथं नदी कमी आहे. तो म्हणाला, "उजनीचं बॅकवॉटर हाय की." मी गप्प बसलो. फ्लेमिंगो तिथं येतात, मग आमच्यासाठीच ते लांब का वाटतं, कोण जाणे.

तुम्हाला लाओसला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, हवा चांगली असते. हुआय सायची बोट जरूर घ्या आणि खुर्ची इंजिनापासून लांब, पुढच्या बाजूला धरा, नाहीतर दोन दिवस कानात इंजिन. एवढं लांब जायचं नसेल तर कुर्डुवाडीला उतरून पंढरपूरची पॅसेंजर पकडा. मोठ्या रुळांवरून जाते, पण घाई तिलाही नसते. मुंबईहून येणार असाल तर फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत आमच्याकडे थांबते. थांबते म्हणजे जेमतेम दोन मिनिटं, आणि दारं आपोआप बंद होतात. केम गेलं की सामान दाराशी आणून ठेवा.